शेरा

मुडावदला, पांझरा जिथे तापीत शिरते,
तिथे उतारावर एक पट्टी रोवलेली आहे.
पांढऱ्यावर काळे आकडे.
सकाळी आठला मी तिच्यासमोर उकिडवा बसतो
आणि नोंदवहीत पाण्याचा आकडा लिहितो.
एकवीस वर्षं झाली.
पाण्याने मला आकड्यापलीकडे काही सांगितलं नाही,
मीही विचारलं नाही.

मग शिंदखेड्याच्या वाचनालयात
पुठ्ठा निघालेलं, शेवटची पानं नसलेलं
ग्रीक देवादिकांचं एक पुस्तक हाती लागलं.
त्यात एक म्हातारा समुद्र होता
आणि त्याच्या पन्नास मुली.
प्रत्येकीला नाव, आणि नावात
पाण्याची एकेक तऱ्हा.
गालिनी म्हणजे निवांत पाणी.
किमो म्हणजे लाट.
स्पेयो कपारीत राहणारी,
हालिया खारी.
नेमेर्तिस कधीच खोटं बोलत नाही
(आमच्या खात्यात तिचा निभाव लागला नसता).
आणि एक प्सामाथी, म्हणजे वाळू.
वाळूलासुद्धा पोटची पोर मानणारा
तो कसला बाप असेल!

नोंदवहीत शेवटचा रकाना शेऱ्याचा.
त्यात मी जन्मभर 'निरंक' लिहीत आलो.
त्या मार्गशीर्षात पहिल्यांदा लिहिलं: गालिनी.
दुसऱ्या दिवशी: गालिनी, दुपारून थोडी किमो.
हात थांबेना.
हालिया मात्र कधी लिहिता आली नाही.
तापी सुरतेकडून समुद्राला मिळते म्हणतात,
मी गेलेलो नाही.

सुपडाबाई भोईण काठावरच्या सात दगडांना
अमावस्येला शेंदूर लावते. साती आसरा.
तिला मी या पन्नास जणींचं सांगितलं.
ती जाळ्याची गाठ दातात धरून हसली,
"पन्नास पोरी! त्यास्ना बापनी
इतला हुंडा कोठून आना व्हई?"
मग हळूच विचारलं,
त्या माणसं ओढतात का?
म्हटलं, नाही. बुडत्याला वर काढतात, असं पुस्तकात आहे.
"मंग त्या आमन्या नहीत," ती म्हणाली,
आणि गाठ मारली.

वाडिले साहेब तपासणीला आले.
वही उलटीपालटी करत विचारलं,
ही गालिनी कोण? रोजंदारीवर घेतली का?
कुणाच्या सहीने?
मी म्हटलं, साहेब, पाण्याची प्रत आहे.
त्यांनी चष्मा काढला, पाण्याकडे पाहिलं.
पाणी त्या दिवशी खरंच गालिनी होतं.
साहेबांनी सही केली. चहा नको म्हणाले.

माघात एका रात्री
दिवे न लावता ट्रॅक्टर उतरले.
सकाळी संगमावर नुसते खड्डे,
खड्ड्यांत हिरवं, उभं पाणी,
आणि टिटवी एका जागी बसेना.
शेऱ्यात प्सामाथी लिहायला घेतलं,
'प्सा' काढला आणि पेन तिथेच राहिलं.
नसलेल्या माणसाची हजेरी कशी लावणार?

सुपडाबाई दगड मोजत होती.
परत परत मोजत होती.
सहाच.
सातवा वाळूबरोबर भरून गेला होता.
धुळ्यात कुणाच्या तरी नव्या स्लॅबमध्ये
एक आसरा उलटी निजली असेल,
शेंदूर सिमेंटात,
वर पंखा फिरत असेल.
मी दुसरा दगड शोधून आणला.
तिने तो हातात घेऊन पाहिला, ठेवून दिला.
"असा कोनबी दगड चालस का?"

फाल्गुनातल्या अमावस्येच्या दुसऱ्या दिवशी
मी आठला उतारावर आलो.
पट्टीला शेंदूर.
बोटांनी ओढलेला, जाड, तेलकट,
नेमका पाण्याच्या वर आणि पाण्याच्या खाली.
पायथ्याशी हिरव्या बांगड्या, खणाचा तुकडा, लिंबू.
सुपडाबाई होडीतून ओरडली,
"आते हाई सातवी. पानी कितलं ते इलेच इचारी ले!"

खिशात रॉकेलचं फडकं होतं.
पुसलं असतं तर पुसलं गेलं असतं.
मी वही उघडली,
आकड्याचा रकाना सोडून दिला,
नेमेर्तिसला स्मरून शेऱ्यात लिहिलं:
पट्टीवर बाई बसली आहे.
आकडा दिसत नाही.